कुरणातला निळा पतंग आणि त्याची भावकी

अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्यं आणि त्यांना लागून असलेला कॅनडाचा भाग इथली कुरणं जून-जुलैमध्ये फुलतात. ओढ्याकाठचं, जरा पाणथळ कुरण असेल तर गवत कमरेपर्यंत येतं. त्यात मिल्कवीडचे गुलाबी झुबके, पांढऱ्या डेझी आणि डॉगबेनची बारीक फुलं डोकावत असतात. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती. या फुलांवर भर दुपारी एक कीटक मध पीत बसलेला असतो. अंग धातूसारखं चकाकणारं निळं, डोकं भडक नारिंगी, पंख काळपट तपकिरी. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत ४ ते ५ सेंटिमीटर भरतात. पहिल्यांदा पाहणारा हात मागे घेतो, कारण असं निळं अंग आणि अशी नारिंगी खूण डंख मारणाऱ्या गांधीलमाश्यांची असते. या कीटकाला मात्र नांगी नाही. तो पतंग आहे.

इंग्रजी बोलणारे त्याला व्हर्जिनिया टेनुका म्हणतात. शास्त्रीय नाव टेनुका व्हर्जिनिका. तो आपल्याकडे येत नाही, त्यामुळे मराठीत त्याला नाव असण्याचं कारण नाही. तरीही या पुस्तकात त्याला एक अख्खं प्रकरण मिळालं आहे, कारण गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत हा पतंग एका कुळातून दुसऱ्या कुळात सतत हलत राहिला. त्याच्या पंखांत, अंगात किंवा सवयींत काही बदललं नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे पुरावे बदलले. वर्गीकरण कशावर उभं असतं आणि त्याचा नेमका उपयोग काय, हे या एका पतंगाच्या स्थलांतरांतून चांगलं उलगडतं.

आधी पायऱ्यांची नावं पक्की करून घेऊ. एकमेकांशी प्रजनन करणाऱ्या जीवांची एक जाती. जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुळ, कुळं मिळून महाकुळ आणि त्याच्यावर गण. कुळ फार मोठं असेल तर त्यात उपकुळ, जमात, उपजमात अशा मधल्या पायऱ्या घालतात. टेनुका हे प्रजातीचं नाव आणि व्हर्जिनिका ही त्या प्रजातीतली एक जाती. फुलपाखरं आणि पतंग मिळून लेपिडॉप्टेरा हा गण होतो. त्यात नाव मिळालेल्या जाती दीड लाखाहून अधिक आहेत आणि त्यांतली बहुसंख्या पतंगांची आहे.

गवतावर वाढलेला

प्रौढ पतंग फुलांवर दिसतो, पण त्याला कुरणाशी बांधून ठेवते ती त्याची अळी. ती गवत, लव्हाळे आणि आयरिसची पानं खाते. अंगभर दाट केसांचे झुबके असतात आणि त्यांचा रंग फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंत कोणताही असू शकतो. मराठीत अशा केसाळ अळीला आपण सुरवंट म्हणतो. उन्हाळ्यात जन्मलेली अळी अर्धवट वाढते आणि हिवाळा तशीच अळीच्या रूपात काढते. वसंतात नवं गवत फुटलं की ती पुन्हा खायला लागते, पूर्ण वाढते आणि स्वतःच्याच अंगावरचे केस रेशमात गुंफून कोष विणते. त्यातून उन्हाळ्यात प्रौढ पतंग बाहेर पडतो. उत्तरेकडे वर्षाला एक पिढी होते, दक्षिणेकडे एकाहून अधिक. केसाळ अळी आणि केसांचा कोष या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे साक्षीदार म्हणून त्या कामी येणार आहेत.

ज्या कुरणात हा पतंग राहतो त्याचाही एक इतिहास आहे. युरोपीय वसाहतवाले येण्याआधी अमेरिकेचा ईशान्य भाग मुख्यतः जंगलाचा होता. मोकळं गवत नद्यांच्या पूरमैदानांत मिळे, आणि बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या कृपेने ओढ्यांकाठी. बीव्हर ओढ्यावर झाडांचे ओंडके आणि फांद्या रचून बांध घालतो आणि त्यामागे तळं साचतं. काही वर्षांत ते गाळाने भरतं, बीव्हर जागा सोडून जातो, बांध फुटतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर गवत व लव्हाळे माजतात. सतराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी जंगल तोडून चराईची आणि वाळल्या गवताची कुरणं केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यू इंग्लंडच्या मोठ्या भागात जंगलापेक्षा मोकळी जमीन जास्त होती. पुढे पश्चिमेकडची सपाट, सकस जमीन खुली झाली तशी इथली दगडाळ शेतं ओस पडली आणि जंगल परत आलं. आज मोकळं गवत उरलं आहे ते पाणथळ जागी, चालू शेतांच्या कडेला, रस्त्यांच्या दुतर्फा आणि विजेच्या तारांखाली.

टेनुकाचं मात्र या उलथापालथीत बिघडलं नाही. विसाव्या शतकात त्याचा पसारा वाढला. आता तो अटलांटिकच्या बाजूला न्यूफाउंडलंडपासून पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य भागापर्यंत सापडतो. ज्या व्हर्जिनियाचं नाव त्याला मिळालं, ते राज्य त्याच्या प्रदेशाच्या दक्षिण टोकाला येतं. म्हणजे नाव दक्षिणेचं आणि मुक्काम बहुतेक उत्तरेत. हा घोटाळा समजण्यासाठी ते नाव ठेवणाऱ्या माणसाकडे जावं लागतं.

एर्लांगेनहून आलेलं नाव

लिनियसने १७५८ मध्ये आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत साऱ्या फुलपाखरांची आणि पतंगांची वाटणी फक्त तीन प्रजातींत केली होती. दिवसा उडणारी, गाठीदार स्पर्शिकांची फुलपाखरं गेली पॅपिलिओमध्ये. रात्री उडणारे पतंग फॅलीनामध्ये. या दोहोंत न बसणारे, जाडसर स्पर्शिकांचे, संध्याकाळी किंवा दिवसा उडणारे उरलेसुरले स्फिंक्समध्ये. युरोपात गांधीलमाशीच्या रूपाचा, काळ्या पंखांवर पांढरे ठिपके असलेला एक पतंग उन्हात उडतो. लिनियसने त्याला स्फिंक्समध्येच घालून स्फिंक्स फेजिया म्हटलं. आज तो अमाटा फेजिया आहे.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या योहान एस्परने फुलपाखरं आणि पतंगांच्या रंगीत चित्रांची मोठी ग्रंथमाला काढली. १७९४ मध्ये अमेरिकेहून आलेल्या आपल्या पतंगाला त्याने नाव दिलं ते स्फिंक्स व्हर्जिनिका. दिवसा उडतो, स्पर्शिकांना गाठ नाही, युरोपातल्या फेजियाच्या वळणाचा दिसतो, तेव्हा स्फिंक्स हेच ठिकाण त्याला योग्य वाटलं. त्या काळी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या चीजवस्तूंना व्हर्जिनियाचं नाव चिकटवण्यात युरोपीय लेखक फारसे काटेकोर नव्हते.

पुढचं पान १८३७ मधलं. जॉन फ्रँकलिनच्या उत्तर कॅनडातल्या मोहिमांवर गेलेले निसर्गअभ्यासक जॉन रिचर्डसन यांनी त्या प्रदेशातल्या प्राण्यांवर बहुखंडी ग्रंथ काढला. त्यातला कीटकांचा खंड विल्यम कर्बी यांनी लिहिला. कर्बी इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या बारहॅम गावचे पाद्री. आयुष्यभर तिथेच राहून त्यांनी कीटकशास्त्रात मोठं नाव मिळवलं. उत्तरेहून आलेला हा पतंग स्फिंक्सच्या गर्दीतला नाही हे त्यांनी ओळखलं आणि त्याच्यासाठी टेनुका ही नवी प्रजाती मांडली. मात्र आपल्यासमोरची जाती नवीच आहे असं समजून त्यांनी फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांच्या सन्मानार्थ तिचं नाव लात्रेयाना ठेवलं.

पुढे हे दोन्ही पतंग एकच असल्याचं स्पष्ट झालं. अशा वेळी प्राणिशास्त्राच्या नामकरण संहितेचा नियम साधा आहे. जुनं नाव टिकतं. १७९४ चं व्हर्जिनिका राहिलं आणि १८३७ चं लात्रेयाना समानार्थी नाव म्हणून नोंदीत गेलं. प्रजातीसाठी मात्र कर्बींचं टेनुका कायम झालं. आज पूर्ण नाव लिहिताना शेवटी एस्पर आणि १७९४ हे कंसात लिहितात. त्या कंसाला अर्थ आहे. या जातीचं नाव ठेवणाऱ्याने तिला दुसऱ्या कुठल्यातरी प्रजातीत घातलं होतं, नंतर तिची बदली झाली, एवढी हकीकत दोन कंस सांगतात. नाव भूगोलाशी जुळत नाही म्हणून ते बदलावं, असं मात्र ही संहिता मानत नाही. नावाचं काम ओळख पटवणं आहे, माहिती देणं नव्हे. माहिती मिळते ती त्या नावाच्या वरच्या पायऱ्यांमधून, आणि खरे वाद तिथेच झाले.

सारखे दिसणारे

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक लेखकांनी टेनुकाला झायगेनिडी कुळात बसवलं. या कुळातले पतंगही दिवसा उडतात, भडक रंगांचे असतात आणि सावकाश, बेफिकीरपणे फुलांवर बसतात. अमेरिकेत याच कुळातला हॅरिसिना अमेरिकाना नावाचा पतंग आहे. काळे अरुंद पंख, मानेवर नारिंगी पट्टा. त्याच्या अळ्या द्राक्षाच्या पानावर ओळीने बसून पानाची जाळी करतात. टेनुकाशेजारी त्याचं चित्र ठेवलं तर दोघे चुलत भावंडं आहेत, असं कुणीही म्हणेल.

तिथेच फसगत होते. महाराष्ट्रात कुलकर्णी, देशमुख, पाटील ही आडनावं वतनावरून आणि कामावरून आली. दोन कुलकर्णी भेटले म्हणून ते एका भावकीचे ठरत नाहीत. दोघांच्या पूर्वजांनी गावचं दफ्तर सांभाळलं, एवढंच त्यावरून कळतं. पतंगांचं निळं-काळं अंग आणि नारिंगी मान हेही कामावरून मिळालेलं आडनाव आहे. दिवसा उघड्यावर फिरायचं तर पक्ष्यांपासून वाचायला हवं. त्यासाठी डंख मारणाऱ्या कीटकासारखं दिसणं किंवा आपण बेचव आहोत हे रंगाने जाहीर करणं हा खात्रीचा उपाय. हा उपाय पतंगांच्या अनेक शाखांनी एकमेकींशी संबंध नसताना स्वतंत्रपणे उचलला. शास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. वर्गीकरण करणाऱ्याने आडनाव बाजूला सारून भावकी शोधायची असते.

टेनुकाची खरी भावकी त्याच कुरणात सापडते. सिसेप्स फुल्विकोलिस हा पतंग आकाराने लहान आणि अंगाने सडपातळ, पण त्याचंही अंग काळपट निळं आणि मान नारिंगी. दोघांना वेगळं ओळखायचं तर डोक्याकडे पाहावं. टेनुकाचं डोकंही नारिंगी असतं. सिसेप्सच्या फक्त मानेला नारिंगी पट्टा असतो आणि डोकं काळपट. टेनुकाच्या अंगाची निळी चकाकी जास्त, पंख रुंद आणि पंखांच्या टोकांशी बारीक पांढरी किनार. हॅरिसिना या दोघांहूनही लहान असतो आणि बसताना पोटाचं टोक वर उचलून धरतो. सिसेप्स टेनुकाच्या नात्यातला आहे आणि हॅरिसिना नाही, हे मात्र वरच्या कोणत्याही खुणेवरून ठरलेलं नाही. त्यासाठी पंखांवरची खवलं बाजूला करून आतली चौकट पाहावी लागली.

पंखांतल्या शिरा, छातीतले कान

सर जॉर्ज हॅम्प्सन हे मद्रास इलाख्यात निलगिरीच्या डोंगरांत चहाचे मळे सांभाळत आणि फावल्या वेळात पतंग गोळा करत. इंग्लंडला परतल्यावर ते ब्रिटिश म्युझियममध्ये रुजू झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर त्यांचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले. भारतात पतंगांचा अभ्यास करणाऱ्याला ते आजही उघडावे लागतात. लगेच १८९८ मध्ये त्यांनी जगभरच्या पतंगांची सूची सुरू केली आणि तिचा पहिलाच खंड टेनुकाच्या मंडळींना, म्हणजे सिंटोमिडी कुळाला दिला.

हॅम्प्सन यांचा भरवसा पंखांतल्या शिरांवर होता. पतंगाच्या पंखाला आधार देणाऱ्या शिरा कुठून निघतात, कुठे फुटतात, कुठे एकमेकींत मिसळतात याचा नकाशा रंगांसारखा सहज बदलत नाही. सिंटोमिडीची खूण होती मागच्या पंखात. त्यातली आठव्या क्रमांकाची शीर या पतंगांमध्ये वेगळी दिसतच नाही. या खुणेने अमेरिकेतला टेनुका, युरोपातला फेजिया आणि आपल्याकडच्या अमाटा प्रजातीतले पतंग एका छपराखाली आले. सह्याद्रीत पावसाळ्यात गवतावर दिवसाढवळ्या बसलेला, काळ्या पंखांवर पारदर्शक खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे असलेला पतंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो अमाटाच्या गोतावळ्यातला. हॅम्प्सन यांच्या हिशेबाने तो आणि न्यूयॉर्कच्या कुरणातला टेनुका एकाच कुळातले ठरले. या कुळाला वेगवेगळ्या लेखकांनी सिंटोमिडी, युक्रोमिडी, अमाटिडी आणि टेनुकिडी अशी नावं दिली. जुन्या पुस्तकांत ही चारही नावं भेटतात आणि ती चार वेगळी कुळं आहेत असा वाचकाचा समज होतो.

झायगेनिडीशी असलेलं मानलेलं नातं पुरतं तुटलं ते कानांमुळे. अनेक पतंगांना ऐकू येतं. त्यांचे कान वटवाघळांचे श्राव्यातीत आवाज टिपण्यासाठी आहेत. नॉक्टुऑइडिया या महाकुळातल्या पतंगांचे कान छातीच्या शेवटच्या भागावर, मागच्या पंखांच्या बुडाशी असतात. एक बारीक पडदा आणि त्याला जोडलेल्या, आवाज टिपणाऱ्या एक किंवा दोन चेतापेशी, एवढाच तो कान. मॅसॅच्युसेट्समधल्या टफ्ट्स विद्यापीठात केनेथ रोडर यांनी १९५० च्या दशकात या पेशींचे विद्युत संदेश मोजले आणि वटवाघळाची चाहूल लागताच पतंग दिशा कशी बदलतो ते दाखवलं. असा कान या महाकुळाची एकत्रित ठेव आहे. टेनुकाला तो आहे, हॅरिसिनाच्या कुळाला नाही. रंग सारखे असोत, दोघांची महाकुळंच वेगळी.

उरला प्रश्न नॉक्टुऑइडियाच्या आत टेनुकाचे जवळचे कोण, हा. इथे आपले दोन साक्षीदार पुढे येतात. अंगभर झुबकेदार केसांची अळी आणि केसांचा कोष या टायगर मॉथ मंडळींच्या, म्हणजे आर्क्टिडी कुळाच्या खुणा आहेत. अमेरिकेत वुली बेअर नावाने लहान मुलांनाही ठाऊक असलेली तपकिरी-काळी केसाळ अळी याच कुळातली. टायगर मॉथची आणखी एक खासियत म्हणजे छातीच्या बाजूला असलेली आवाज काढणारी पातळ तबकडी. ती आत दबली आणि सुटली की टकटक असा श्राव्यातीत आवाज होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक अभ्यासकांनी टेनुकिडी हे वेगळं कुळ मोडीत काढलं आणि ते पतंग आर्क्टिडीच्या आत घेतले.

आत घेताना एक महत्त्वाची फूटही दिसून आली. अमाटा आणि तिच्या जुन्या जगातल्या नातेवाइकांची शाखा एक, टेनुका आणि तिच्या मुख्यतः अमेरिका खंडांतल्या नातेवाइकांची शाखा दुसरी. दोन्ही टायगर मॉथमध्ये मोडतात, पण एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नाहीत. गांधीलमाशीचं सोंग दोघींनी वेगवेगळं घेतलं आणि मागच्या पंखातली शीरही दोघींकडे वेगवेगळी हरवली. हॅम्प्सन यांनी ज्या खुणेवर कुळ उभारलं होतं, तिच्यातही अभिसरण लपलेलं निघालं. शिरा रंगांपेक्षा भरवशाच्या असतात, पण एकटी शीर पुरेशी नसते.

जनुकांचा दाखला

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक प्राण्याच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जाती ओळखायची. याला डीएनए बारकोड म्हणतात. चाचणीसाठी त्यांनी पतंग आणि फुलपाखरांच्या २०० जवळच्या जाती घेतल्या आणि त्यांची ओळख अचूक पटली. जाती ओळखायला हा तुकडा उत्तम. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या फांद्या जुळवायच्या तर एवढा पुरावा अपुरा पडतो, कारण इतक्या काळात तीच अक्षरं पुन्हा पुन्हा बदललेली असतात.

नॉक्टुऑइडिया हे लेपिडॉप्टेरातलं सर्वांत मोठं महाकुळ. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची घडी पार विस्कटलेली होती. मायकेल फिबिगर आणि डोनाल्ड लाफाँटेन या अभ्यासकांनी २००५ मध्ये एक आराखडा मांडला आणि लगेच २००६ मध्ये तो बदलला. दुसऱ्या आराखड्यात टायगर मॉथचं कुळ खाली उतरून नॉक्टुइडी कुळातलं एक उपकुळ झालं. या गोंधळातून वाट काढली ती फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या रेझा झहिरी, निक्लास वाल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी एकाऐवजी आठ जनुकं घेतली, एक मायटोकॉन्ड्रियातलं आणि सात पेशीकेंद्रातली. २०११ आणि २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. महाकुळ सहा कुळांत विभागलं गेलं आणि त्यांतलं एक प्रचंड कुळ होतं एरेबिडी. सुमारे २४ हजार जातींच्या या कुळात टायगर मॉथ हे आर्क्टिनी नावाचं उपकुळ म्हणून बसले. उत्तर अमेरिकेची २०१० मधली नॉक्टुऑइडिया सूचीही याच दिशेने गेली होती.

एरेबिडी हा नुसता जनुकांचा खेळ नाही, त्याला शिरांचाही पाठिंबा आहे. या कुळातल्या बहुतेकांच्या मागच्या पंखातली एक मुख्य शीर चार फाट्यांची दिसते. नॉक्टुइडीमध्ये चौथा फाटा क्षीण होऊन तीनच उरलेले दिसतात. आधीच्या अभ्यासकांनी हा फरक पाहिला होता, पण त्याचं वजन किती धरावं यावर एकमत नव्हतं. आठ जनुकांनी ते वजन ठरवलं.

या फेरबदलाची झळ आपल्या शेतापर्यंत आली, फक्त ती कागदावरच राहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या संत्रा-मोसंबीच्या बागांत रात्री फळाला सोंड खुपसून रस शोषणारे मोठे पतंग, म्हणजे युडोसिमा प्रजाती, पूर्वी नॉक्टुइडीत होते. ते आता एरेबिडीत आहेत. हरभऱ्याची घाटेअळी मात्र नॉक्टुइडीतच राहिली. शेतकीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात हे दोघे एका कुळात दिसतील आणि नव्या पुस्तकात वेगळ्या. रसशोषक पतंगाची टेनुकाशी नातं सांगणारी कुंडली घाटेअळीपेक्षा जवळची आहे, हे सहज सुचण्याजोगं नाही. पण पुरावा तसंच सांगतो.

आजचा पत्ता

सगळं जमेस धरून टेनुका व्हर्जिनिकाचा आजचा पत्ता वरून खाली असा: गण लेपिडॉप्टेरा, महाकुळ नॉक्टुऑइडिया, कुळ एरेबिडी, उपकुळ आर्क्टिनी, जमात आर्क्टिइनी, उपजमात टेनुकायना, प्रजाती टेनुका, जाती व्हर्जिनिका. अमेरिकेतले पतंगप्रेमी याशिवाय एक आकडा वापरतात, ८२६२. रोनाल्ड हॉजेस यांच्या संपादनाखाली १९८३ मध्ये मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या सगळ्या पतंग-फुलपाखरांची क्रमवार सूची निघाली. तिच्यात अकरा हजारांहून अधिक जातींना क्रमांक मिळाले. क्रमांक नात्यांप्रमाणे लावले होते. नाती बदलली तशी ती रांग जुनी झाली, पण लोकांच्या वह्यांत आणि फोटोंखाली आकडे टिकून राहिले.

मग एवढ्या खटाटोपाने हाती काय लागतं? पतंग तोच, कुरण तेच. लागतं ते हे: चांगलं वर्गीकरण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल अंदाज बांधू देतं. टेनुका झायगेनिडीत आहे असं धरून चाललं, तर त्याच्या अंगात सायनाइड शोधावं लागेल, कारण झायगेनिडीचे पतंग स्वतःच्या शरीरात सायनाइड सोडणारी संयुगं बाळगतात. त्याला कान नसावेत, असंही गृहीत धरावं लागेल. दोन्ही दिशा चुकीच्या. तो आर्क्टिनीत आहे म्हटल्यावर प्रश्न बदलतात. त्याचे भाऊबंद काय करतात ते पाहायचं आणि तिथून शोध सुरू करायचा.

आणि भाऊबंद करतात ते फार विलक्षण आहे. फ्लॉरिडातला कॉस्मोसोमा मायरोडोरा हा लाल अंगाचा, गांधीलमाशीच्या वळणाचा पतंग टेनुकाच्याच जमातीतला. त्याचा नर डॉगफेनेल नावाच्या झुडपातून पायरोलिझिडिन अल्कलॉइड हे विषारी रसायन शोषून घेतो. पोटाखालच्या पिशव्यांत बारीक तंतू असतात, त्यांत ते मुरवतो आणि मीलनाच्या वेळी ते तंतू मादीच्या अंगावर उधळतो. अशी मादी जाळ्यात सापडली तर कोळी जाळं तोडून तिला सोडून देतो. विल्यम कॉनर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे प्रसिद्ध केलं. याच जमातीतला आणखी एक पतंग, अ‍ॅरिझोनातला बर्थोल्डिया ट्रायगोना, वटवाघूळ जवळ आलं की छातीच्या तबकड्यांनी इतक्या वेगाने टकटक करतो की वटवाघळाला प्रतिध्वनीवरून अंतर कळेनासं होतं. हे २००९ मध्ये सिद्ध झालं. रसायन आणि आवाज या दोन्ही वाटा टेनुकाच्या कुटुंबात आहेत. हे एकदा कळलं की कुरणातल्या या निळ्या पतंगाला कोणते प्रश्न विचारायचे तेही कळतं. तो कोणत्या फुलांवर बसतो, त्या झाडांत कोणती रसायनं आहेत, दिवसा उडताना त्याचे कान कशासाठी उपयोगी पडतात, संध्याकाळी कधीमधी दिव्याकडे येतो तेव्हा तो वटवाघळाला कसं उत्तर देतो.

सह्याद्रीतल्या अमाटांनाही हेच लागू आहे, थोड्या सावधगिरीने. त्या टायगर मॉथच्या उपकुळातल्या आहेत, म्हणून रसायन आणि आवाज यांचे प्रश्न त्यांनाही विचारता येतात. पण त्यांची शाखा वेगळी असल्याने टेनुकाबद्दल मिळालेलं उत्तर त्यांच्या नावावर जसंच्या तसं चढवता येणार नाही. आपल्याकडे असा पतंग दिसला तर फोटो वरून एक घ्यावा आणि शक्य झालं तर मागचे पंख उघडे दिसतील असा दुसरा. स्पर्शिका आणि पोटावरच्या पट्ट्यांची संख्या स्पष्ट यायला हवी. अळी सापडली तर ती कोणत्या वनस्पतीवर होती ते लिहून ठेवावं. अळीचं खाणं आणि केस यांनी टेनुकाची भावकी शोधायला मदत केली, तशीच ती इथेही करू शकतात.

पत्त्यातल्या सगळ्या पायऱ्या सारख्या पक्क्या नाहीत. जाती आणि महाकुळ यांबद्दल आज कुणी वाद घालत नाही. एरेबिडी आणि आर्क्टिनी यांना शिरा, कान आणि जनुकं या तिन्हींचा आधार आहे. सर्वांत डळमळीत आहे ती उपजमात. तिच्या आणि शेजारच्या उपजमातींच्या सीमा जनुकांच्या अभ्यासात सरळ येत नाहीत. टेनुकाचा पत्ता पुन्हा बदलला तर तो बहुधा तिथेच बदलेल. तसं झालं की कुठल्या पतंगांच्या रसायनांशी आणि आवाजांशी त्याची तुलना करायची, ती यादीही नव्याने लिहावी लागेल.